तीन ठिकाणचे सरनोबत

निंबसर नगरपालिकेने पाणीपुरवठा अधीक्षक प्रभाकर सरनोबत यांचे तीन सरनोबत केले, तेव्हा त्यांच्या पत्नी कुमुदताईंनी एवढंच विचारलं, की डबे किती भरायचे.

कारणही तसंच घडलं होतं. सरनोबत मेव्हण्याच्या मुलाच्या मुंजीला गेले आणि इकडे गावाचं पाणी बंद पडलं. कुठला व्हॉल्व्ह किती फिरवायचा, हे त्यांच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. बायका रिकामे हंडे घेऊन नगरपालिकेवर चालून गेल्या. एकीने तर हंडा नगराध्यक्षांच्या टेबलावर आपटला. लगेच ठराव झाला, की एका माणसाच्या रजेपायी गाव तहानलेलं राहता कामा नये. एक सरनोबत पेठेत, राहत्या घरातल्याच कचेरीत, दुसरे नदीपलीकडे पंपावर आणि तिसरे त्याच्याही पुढे, टेकडीवरच्या टाकीशी.

"पण यातले माझे कुठले?" कुमुदताईंनी मुख्याधिकारी हुद्दारांना विचारलं.

"तिघंही, वहिनी. नगरपालिका भेदभाव करत नाही."

झालं तर मग. कुमुदताई काही डोक्याला हात लावून बसणाऱ्या बाई नव्हत्या. त्यांनी घरचे हे, पंपावरचे हे आणि टाकीवरचे हे अशी सोय लावून घेतली आणि दोन डबे पुलावरून पलीकडे जाऊ लागले.

पुलाखालून एक तार टाकलेली होती. तिच्यावरून तिघं दिवसभर एकमेकांना विचारत, "आहात का?" पलीकडून "आहे" आलं की ठीक. नाही आलं, तर तो गेला असं धरून उरलेले दोघं आपल्यातून मुख्य निवडत. पहिल्याच आठवड्यात घरचे हे मुख्य म्हणून वामकुक्षीला आडवे झाले आणि सहायक म्हणून उठले. दुसऱ्या दिवशी तर तिघांचाही एकदमच डोळा लागला, कारण सवय तीच ना! दुपारभर निंबसरला मुख्य सरनोबतच नव्हते. तेव्हापासून नगरपालिकेने त्यांना घोरण्याच्या पाळ्या लावून दिल्या.

एकाला सांगितलेलं संध्याकाळच्या आत तिघांना कळायचं, आणि दोघांचं जे मत पडेल ते तिसऱ्याचंही व्हायचं. घरचे हे म्हणाले, वांग्याची भाजी झकास झालीय. पलीकडून कळलं, की दोघांना खारट लागली. त्यासरशी घरच्यांनी पानातली भाजी बाजूला सारली.

"अहो, आत्ता तर मिटक्या मारत होतात!"

"आत्ताचं सोड. खारट आहे."

भाजीचं एक वेळ चाललं असतं. पण याच नियमात कुमुदताईंची लेक अडकली होती. शलाकाने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं, त्या दिवसापासून सरनोबतांनी तिचं नाव टाकलं होतं. आता ती पोटुशी होती आणि पहिलं बाळंतपण माहेरीच व्हावं म्हणून आईपाशी फोनवर रडत होती. कुमुदताई रोज जेवताना विषय काढत. घरचे हे विरघळत, "बघू," म्हणत. आणि संध्याकाळी तारेवरून दोन नकार आले, की यांचाही चेहरा पुन्हा दगड.

"तारेवरून माझं बोलणं जातं," कुमुदताई चिडून म्हणत, "माझं तोंड कुठे दिसतं त्यांना!"

अशात नवा पूल बांधून पूर्ण झाला आणि म्हणून बंद झाला. जुना पाडला, त्याच्याबरोबर तारही गेली; नव्याची फीत कापायला मंत्र्यांची तारीख मिळेना. फीत कापल्याशिवाय पुलावरून माणूस जाणार नव्हता आणि खालून तारही जाणार नव्हती. मोबाईलवरचं बोलणं नगरपालिका ग्राह्य धरत नसे. पलीकडच्या दोघांनी "आहात का?" म्हणून विचारून पाहिलं, थोडा शोक केला आणि पंपावरच्यांना मुख्य निवडलं. घरच्यांना हुद्दारांनी बजावलं, "तुम्ही आता एकटे पडलात. आधीचं माहीत असलेलं तेवढं सांगायचं. नवीन काही ठरवायचं नाही."

घरच्यांनी ते पाळलंही. मग एके दिवशी त्यांनी वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. संध्याकाळ झाली तरी ती खारट झाली नाही. 

"कुमुद, शालूला सातवा लागला असेल ना गं?"

कुमुदताईंच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"घेऊन ये तिला," ते म्हणाले आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसू लागले.

शलाका आली. सरनोबत तिला संत्री सोलून देत, एकेक फोडीच्या बिया काढून. माळ्यावरचा तिचाच जुना पाळणा त्यांनी उतरवला आणि जवसाच्या तेलाचा बोळा घेऊन त्याच्यामागे लागले. त्या घरात इतकं हसणं कितीतरी वर्षांत झालं नव्हतं. कुमुदताईंना वाटे, मंत्र्यांना सवडच मिळू नये.

मिळाली मेली! हुद्दार सांगायला आले. "उद्या फीत कापणार. तार लगेच जोडतो. वहिनी, यांनी एकट्याने काही ठरवलं नाही ना?" बोलता बोलता त्यांची नजर शलाकाकडे गेली. "अरेरे. ते रद्द होणार बघा. तार जुळली, की दोघांचं तेच खरं. मधल्या दिवसांतलं यांच्या डोक्यातलं सगळं पुसलं जाईल."

"सगळं?"

"शिस्त आहे, वहिनी."

सरनोबतांच्या हातात तेलाचा बोळा होता. "म्हणजे उद्या मी हिला घराबाहेर काढणार?"

"तुमचा नाइलाज आहे," हुद्दार सहानुभूतीने म्हणाले.

ते गेल्यावर सरनोबत उठले आणि शलाकाची पिशवी भरू लागले. "कुमुद, हिला आत्ताच्या आत्ता पलीकडे ने. त्या दोघांपुढे उभी कर. माझ्यापाशी ठेवू नकोस." त्यांनी पिशवीचे बंद आवळले. "उद्याचा माझा काही भरवसा नाही."

मायलेकी वाळूवाल्यांच्या होडीतून पलीकडे गेल्या. पंपावरच्यांनी दार उघडलं, लेकीकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

"अहो, काहीतरी बोला!"

"माझ्या एकट्याच्या बोलण्याला काय किंमत? टाकीवर विचारावं लागेल. नियम आहे."

"तुमचं मत काय ते सांगा ना!"

"माझं हो आहे गं," ते एकदम म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. "कधीचंच आहे. ते तिकडे नाही म्हणतील या धाकाने मी नाही म्हणत आलो."

टाकीवरचे हे टेकडीवरून खाली उतरत नसत. टाकी भरत असताना जागा सोडायची नाही, असा हुकूमच होता. पंपावरच्यांना बरोबर घेऊन कुमुदताईंनी खालून हाका मारल्या, वरून उत्तर आलं, "विषय संपलेला आहे!" तेव्हा शलाकाने पदर खोचला आणि काही न बोलता टेकडीच्या पायऱ्या चढू लागली.

"शालू! थांब! एकही पायरी चढू नकोस! अगं, या दिवसांत कोणी चढतं का!"

टाकीवरचे धावत खाली आले. एक चप्पल वरच राहिली. धापा टाकत त्यांनी लेकीचा हात धरला तो सोडेनात. मागे टाकी भरून वाहू लागली, पाण्याचे लोट टेकडीवरून खाली आले.

"हे तुमचं मत समजायचं का?" पंपावरच्यांनी रीतसर विचारलं.

"समजा हो! आधी तिला बसायला काहीतरी आणा!"

रात्री मायलेकी पंपावरच राहिल्या. सकाळी कुमुदताई एकट्याच होडीने घरी परतल्या.

बँड वाजला, फीत कापली, तार जोडली. घरचे सरनोबत पाळण्याला शेवटचा तेलाचा हात देऊन खुर्चीत बसले होते. "आहात का?" विचारणा झाली. त्यांनी एकदा कुमुदताईंकडे पाहिलं आणि "आहे," म्हटलं. त्यांचा चेहरा पुसल्यासारखा झाला.

"ऐकलंस का?" थोड्या वेळाने ते घसा खाकरून म्हणाले. "शालूला बाळंतपणाला घरी आणायचं ठरलंय. दोघांचं मत पडलं."

"हो का?"

"माझ्याकडे आली असती, तर उंबऱ्यावरूनच परत पाठवली असती. पण एकट्याचं ऐकतं कोण?" मग त्यांचं लक्ष कोपऱ्यात गेलं. "हा पाळणा कोणी उतरवला? तेलपाणी चांगलं केलंय हं. मला नसतं सुचलं."

कुमुदताईंनी त्यांच्यापुढे साबण आणि पाण्याचा तांब्या ठेवला.

"आधी ते तेलाचे हात धुवा," त्या म्हणाल्या. "पूल सुरू झालाय. शालू येईल आता."