टिटवीची अंडी आणि हवापाणी खातं

एका जंगलात, बाळांनो, असा उन्हाळा पेटला होता की सावल्यासुद्धा झाडांच्या बुंध्यांना चिकटून बसत. माकडांनी उड्या मारणं सोडून दिलं होतं. सिंहमहाराज दिवसभर गुहेत जीभ बाहेर काढून पडत आणि त्याला राज्यकारभार म्हणत.

जंगल सुधारलेलं होतं. म्हणजे तिथे खाती होती. त्यातलं सगळ्यात भारदस्त खातं हवापाण्याचं. त्याचे मुख्य होते माळढोकराव. मान ताठ, चाल संथ आणि बोलण्याआधी घसा खाकरायची सवय. रोज सकाळी उंचवट्यावर उभे राहून ते साऱ्या जंगलाचा अंदाज सांगत. वरचं रान, मधलं रान, खालचं रान, असा विभागवार. खातं निघाल्यापासून बेडकांना आणि मुंग्यांना स्वतःचे अंदाज सांगायला बंदी होती.

खालच्या रानात नदीकाठी एक टिटवी राहायची. तिची अंडी घालायची वेळ जवळ आली होती. टिटवी घरटं बांधत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर शाळेत करता काय? ती जमिनीवरच खडे सारून जागा करते. यंदा तिच्यापुढे पेच होता. माळावर अंडी घालावीत, तर ऊन असंच राहिलं की ती आतल्या आत शिजणार. नदीच्या पात्रात पाण्याची एक धार अजून वाहत होती. तिच्यात पोट भिजवून अंड्यांवर बसलं की अंडी गार राहतात. पण पाऊस आला की पात्रातलं सगळं गेलंच म्हणून समजा.

दरवर्षी ती वाऱ्याकडे तोंड करून जरा वेळ उभी राहायची आणि ठरवायची. कधी बरोबर ठरायचं, कधी चुकायचं.

"आता कशाला डोकं शिणवतेस?" टिटवा म्हणाला. "एवढं मोठं खातं आहे. विचारून ये की."

टिटवी गेली. माळढोकरावांनी घसा खाकरला.

"उष्णतेच्या लाटेचा अभ्यास चालू आहे. उद्या कळेल."

"साहेब, आज कळलं तर बरं होईल. माझं उद्यावर थांबणारं नाही."

"निसर्गाला घाई करून चालत नाही, बाई."

घाई निसर्गालाच झाली होती आणि तो टिटवीच्या पोटात होता. पण साहेबांपुढे कोण बोलणार?

परतीच्या वाटेवरच तिला कळ आली. तिने पात्रात, धारेजवळ, एक अंडं घातलं. 'तात्पुरतं,' असं ती मनाशी म्हणाली. अंडं तात्पुरतं घालता येत नाही, पण खात्यात जाऊन आलं की असे शब्द तोंडी बसतात.

जवळच्या बाभळीवर खात्याचा कोतवाल पक्षी बसला होता. काळा, लांब शेपटीचा आणि भलताच कामसू. त्याने अंडं पाहिलं आणि तो भुर्रकन उडाला.

दुसऱ्या सकाळी अंदाज आला. "लाट कायम. खालच्या रानात पावसाचं चिन्ह नाही."

टिटवीला हायसं वाटलं. उरलेली तीन अंडीही तिने एकेक करून तिथेच घातली. कोतवाल पुन्हा उडाला. पुढचा अंदाज आणखी ठाम होता. "पाऊस नाही म्हणजे नाही!"

मग एका दुपारी वारा फिरला. अंगाला गार लागलं. वरच्या रानावर आभाळ काळंकुट्ट झालं आणि गडगडायला लागलं. सुटलो एकदाचे, म्हणत माकडं नाचायला लागली. टिटवीला तेवढी पात्रातली अंडी आठवली. ती तडक खात्यात पोचली.

"साहेब, लाट ओसरली हो!"

"आम्ही अंदाज सुधारला आहे," माळढोकराव म्हणाले. "वरचं रान, गडगडाटासह जोरदार सरी. मधलं रान, ढगाळ. खालचं रान, कोरडं."

"पण वरचं पाणी खालीच येणार ना? नदी एकच आहे."

"नदी आमच्याकडे येत नाही. आभाळातून पडतं तेवढं पाणी आमचं. जमिनीवरून वाहतं ते दुसऱ्या खात्याचं."

"साहेब, माझी अंडी पात्रात आहेत. मला ती उचलता येत नाहीत. तुम्ही नुसतं 'पूर येईल' म्हणा. मग हत्ती येतील, वाळूसकट उचलून वर ठेवतील. माझ्या एकटीच्या सांगण्यावर कोण येणार?"

माळढोकरावांना दया आली. ते वाईट नव्हते हो.

"घाबरू नका, बाई. खालच्या रानाचं आम्ही अंदाजपंचे सांगत नाही. त्याला जुना, खात्रीचा आधार आहे. टिटवी अंडी कुठे घालते ते आम्ही पाहतो. माळावर घातली तर पाऊस, पात्रात घातली तर कोरडं. यंदा तर तिने सगळीच्या सगळी पात्रात घातली आहेत! काही कळल्याशिवाय का घातली असतील तिने?"

"ती टिटवी मीच!" टिटवी किंचाळली. "आणि मी तुमचा अंदाज ऐकून घातली!"

माळढोकरावांनी घसा खाकरला.

"म्हणजे दोन्हीकडून दुजोरा मिळाला," ते म्हणाले. "उत्तम."

टिटवी परत आली. टिटवा अंड्यांभोवती खड्यांचा बांध रचत होता. दोघांनी ओरडून ओरडून रान डोक्यावर घेतलं. टिटवी ओरडते म्हणजे अशुभ, असं म्हणून हत्तींनी तोंडं फिरवली.

त्या संध्याकाळी खालच्या रानात थेंबही पडला नाही. अंदाज तंतोतंत खरा ठरला. नदी मात्र तांबडं पाणी घेऊन आली. टिटवी अंड्यांवरून हलली नाही. ज्या पाण्यात ती रोज पोट भिजवायची, ते आता आपणहून तिच्या पोटाला लागलं. टिटव्याने चोचीने ओढून तिला बाहेर काढलं. अंडी गेली. मला इथे दरवेळी फार वाईट वाटतं, बाळांनो. म्हणून मी भरभर पुढे जातो.

सिंहमहाराजांनी चौकशी बसवली. निकाल असा लागला की खात्याची काहीच चूक नाही. टिटवीने भलत्या जागी अंडी घालून खात्याची दिशाभूल केली. यापुढे तिने अंदाज ऐकल्याशिवाय अंडी घालू नयेत, अशी सक्त ताकीद देण्यात आली.

टिटवीने मान खाली घालून ताकीद ऐकली. काही दिवसांनी तिची दुसरी खेप आली, तेव्हा ती कुणाला न विचारता माळावर गेली. वाऱ्याकडे तोंड करून जरा वेळ उभी राहिली आणि तिथेच अंडी घातली.

कोतवाल उडाला. खात्याने अतिवृष्टीचा अंदाज दिला. सगळी जनावरं उंचावर जाऊन बसली. मग धो धो पाऊस झाला, पण कुणाचं काही गेलं नाही. सिंहमहाराजांनी माळढोकरावांच्या गळ्यात हार घातला.

त्याच समारंभात टिटवीलाही हजर राहायचा हुकूम होता. ताकीद मोडली म्हणून. ती आली नाही. तिची पिल्लं नुकतीच अंड्यांतून बाहेर पडली होती आणि त्यातलं एक सारखं नदीच्या बाजूला पळत होतं.

तात्पर्य : जाणत्यांचं जरूर ऐकावं. फक्त, जाणते ज्याच्याकडे बघून बोलतात, त्याने ऐकू नये.