राक्षसाचं बेअरिंग

ऑफिसातली वीज तासभर गेली आणि माझ्या डोक्यात व्हिडिओ गेम शिरला. मी आवक-जावक विभागात कारकून आहे. आलेल्या पत्रावर शिक्का मारून ते पुढे ढकलायचं, हे काम एकोणीस वर्षं इमानेइतबारे करतोय. त्या दिवशी बसल्या बसल्या शेजारच्या टेबलावरचे अकाउंटंट म्हणाले की हल्ली लोक एकट्याने घरी बसून अख्खा गेम बनवतात. झालं, मला राहवेना. एकटा माणूस राक्षस कसा बनवत असेल? त्याला चालायला कोण शिकवत असेल? (शिक्का मारणाऱ्या माणसाला असले प्रश्न पडू नयेत. संसाराला महागात पडतात.)

वर्षभर खपून प्रोग्रामिंग शिकलो. गेम साधा होता. एक कारकून, एक गुहा, आणि गुहेत एका फायलीवर डोकं ठेवून झोपलेला राक्षस. त्याला जाग येऊ न देता फाईल काढून आणायची. अडलं ते चित्रांपाशी. मी काढलेला राक्षस पाहून बायको म्हणाली, "बटाटा छान जमलाय." म्हणजे चित्रकार नेमणं आलं, आणि घरात शिलकीचे पैसे एकाच पाकिटात होते. ते पाकीट बायकोने नव्या वॉशिंग मशीनसाठी ठेवलं होतं.

"अगं, गेम खपला की एक सोडून दोन मशीन घेऊ," मी म्हणालो.

"दोन मशीन भरतील एवढे कपडे आहेत कुठे आपल्याकडे?"

तिसऱ्या दिवशी तिने पाकीट माझ्यापुढे ठेवलं, पण अट घालून. सहा महिन्यांनी एक गेम प्रदर्शन होतं. तिथे दहा परक्या माणसांनी माझा गेम शेवटपर्यंत खेळायला हवा. "नाही खेळले, तर नवं मशीन येईपर्यंत घरातले सगळे कपडे तुम्ही हाताने धुवायचे. चादरींसकट." तिने अट कागदावर लिहून काढली आणि मी खाली सही केली. (सवयीने शिक्काही मारणार होतो.)

चित्रकाराने राक्षस झकास काढला आणि पाकीट रिकामं झालं. आवाजांसाठी दमडी उरली नाही. मग मी मोबाईलला वाऱ्यापासून वाचवायला मोजा घातला आणि घरभर आवाज रेकॉर्ड करत हिंडू लागलो. चादर झटकली की वटवाघूळ उडतं. गाजर मोडलं की हाड मोडतं. ओला स्पंज पिळला की गुहेत काहीतरी नको ते सरपटतं. सुरुवातीला बायको माझ्याकडे काळजीने बघायची. पण कुतूहल मोठं वाईट असतं. एके दिवशी तीच स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, "कपाटाचं खालचं दार ऐकलंत का कधी? अगदी हळू उघडायचं." आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून अर्धा तास कपाटाचं दार ऐकत होतो. लग्नानंतर एवढा वेळ एकत्र बसल्याचं मला तरी आठवत नाही.

राक्षसाचा आवाज मात्र मिळेना. तो मिळाला बाथरूममध्ये. आमचं जुनं मशीन कपडे पिळायला लागलं की आधी कण्हायचं, मग गुरगुरायचं, आणि शेवटी किंकाळी फोडून हातभर पुढे सरकायचं. माझ्या अंगावर काटा आला. मी लगेच रेकॉर्ड केलं.

प्रदर्शनाला आठ दिवस उरले असताना हेडफोन लावून नीट ऐकलं. राक्षस कण्हला, गुरगुरला, आणि ऐन किंकाळीत बायकोच्या आवाजात म्हणाला, "अहो, मोजे उलटे टाकू नका."

पुन्हा रेकॉर्ड करणं भाग होतं. ऑफिसातून धावतपळत घरी आलो, तर बाथरूममध्ये मेकॅनिक हात पुसत उभा होता आणि मशीन गरागरा फिरत होतं. आवाज म्हणून नाही.

"दुरुस्त करून घेतलं," बायको म्हणाली. तिचा चेहरा खुलला होता. "म्हटलं, नव्या मशीनचं ओझं नको तुमच्या डोक्यावर."

मला गलबलून आलं. तिने एवढा विचार केला होता, आणि माझ्या तोंडून निघालं, "काका, ते परत बिघडवता येईल का?"

मेकॅनिकने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. "बेअरिंग बदललंय साहेब. तीस वर्षं या धंद्यात आहे. दुरुस्त झालं नाही म्हणून लोक भांडतात. झालं म्हणून कोणी भांडलं नव्हतं."

मी त्याला राक्षस दाखवला, गुहा दाखवली, फाईल दाखवली. तो स्टुलावर बसला आणि दोनदा खेळला. दोन्ही वेळा राक्षसाने त्याला खाल्लं. मग त्याने पिशवीतून जुनं बेअरिंग काढलं आणि दोन तास खपून परत बसवलं. "एकदाच फिरवायचं," त्याने बजावलं. बायकोने तोंडावर पदर घट्ट धरला, म्हणजे या खेपेस चुकूनही मोज्यांचा विषय निघायला नको. मशीन कण्हलं, गुरगुरलं, त्याने अशी काही किंकाळी फोडली की शेजारच्यांनी दार वाजवलं, आणि मग कायमचं शांत झालं. ड्रमच फाटला होता. आवाज अप्रतिम आला होता.

प्रदर्शनात मला कोपऱ्यातलं टेबल मिळालं. बायको वही घेऊन शेजारी बसली, शेवटपर्यंत पोचणाऱ्यांची मोजणी करायला. पहिल्या बाई हेडफोन लावून बसल्या. राक्षस किंचाळला. बाईंनी शांतपणे हेडफोन काढले.

"याचं बेअरिंग गेलंय."

"कोणाचं?"

"तुमच्या राक्षसाचं. आमच्याकडे असंच सुरू झालं होतं, अंगावर काढलं आणि ड्रम गेला." त्यांनी नवऱ्याला बोलावलं. त्याने ऐकलं आणि बेल्टही बघून घ्या म्हणाला. तेवढ्यात मागच्या गृहस्थांनी हेडफोन मागितले, कारण त्यांच्या घरचा आवाज थोडा वेगळा होता आणि त्यांना ताडून बघायचा होता. दुपारपर्यंत माझ्या टेबलापुढे प्रदर्शनातली सर्वांत लांब रांग लागली. राक्षसापर्यंत सगळे येत, कान देऊन ऐकत, आपापल्या मशीनचं दुखणं सांगत आणि उठून जात. फाईल कोणीही उचलली नाही.

गेम बघायला म्हणून मेकॅनिकही आला होता. त्याने संध्याकाळपर्यंत चौदा कामं घेतली. शेवटी माझ्या पाठीवर थाप मारून त्याने गेमची एक प्रत विकत घेतली. खपलेली ती एकच.

बायकोने वही मिटली. "शून्य," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागलं.

आता रोज सकाळी मी बाथरूममध्ये बादलीपुढे बसतो. काल दोन चादरी पिळून उठायला गेलो, तर कंबरेने दगा दिला आणि तोंडातून एक लांबलचक कण्हणं बाहेर पडलं. मागे वळून पाहिलं, तर बायको दारात उभी होती. हातात मोबाईल, मोबाईलला मोजा.

"परत बसा बरं खाली," ती म्हणाली. "उठताना मघाशी जसे कण्हलात, तसेच कण्हा. त्या मशीनपेक्षा खूप जुनं वाटतंय."