भात सोडलेले डोमाजी

आमच्या शेजारचे डोमाजी दर मंगळवारी राइस मिलमध्ये जातात आणि धान मोजायच्या काट्यावर स्वतः उभे राहतात. दवाखान्यातल्या काट्यावर त्यांचा विश्वास नाही. "तो काटा बिमार लोकायचा आहे, बाई. तो कायले खरं सांगन?" परतताना ते अख्ख्या गल्लीला आपलं वजन सांगतात, तेही कट्ट्यांत: "दोन कट्टे आन वर दोन मुठी!" कट्टा म्हणजे धानाचं चाळीस किलोचं पोतं. पुढचं गणित, मुलांनो, तुम्ही करा.

आपल्या अर्जुनी मोरगावात तिन्ही त्रिकाळ भात. डोमाजींच्या घरी तर पोळी म्हणजे पाहुण्यांसाठी. काही महिन्यांपूर्वी त्यांना मधुमेह निघाला. शरीरात इन्सुलिन आहे, पण शरीर त्याला दाद देत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी समजावून द्यायला गेले, तर त्यांनीच मला समजावलं.

"तलावात पानी हाये, बाई. पाटकरी बांधीबांधीवर जाऊन बोंबलून राहिला, तोंड उघडा म्हनून. पन एकही बांधी उघडून नाही राहिली. मंग पानी पाटातच तुंबन नाही तं काय?"

बांधी म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा, पाटकरी म्हणजे तिथवर पाटाचं पाणी सोडणारा माणूस. चाळीस वर्षं शाळेत शिकवूनही मला हे इतकं नीट सांगता आलं नसतं.

डॉक्टरांनी तीन महिने दिले. भात अर्धा करा, चाला, वजन उतरवा. नाहीतर रोज सुई. मारक्या बैलाला वेसण घालणारे डोमाजी सुईचं नाव काढताच भिंतीला टेकतात. म्हणून मी त्यांना स्वच्छ अक्षरात एक तक्ता करून दिला. त्यात ठळक लिहिलं: 'भात अर्धी वाटी.'

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर समोर परातभर पोहे.

"डोमाजी, हे काय?"

"पोहे होत. भात कुठं खाऊन राहिलो?"

दुपारी मुरमुरे, संध्याकाळी तांदळाच्या पिठाचे चिले. मी रागावले, तर म्हणाले, "तुमी इंग्रजी शिकलेल्या. तक्त्यात भात लिहिल्या. पोहे कुठं लिहिल्या, दाखवा!"

मी नवा तक्ता केला. तांदळापासून होणारा एकूण एक पदार्थ त्यात घातला. डोमाजींनी तो दोनदा वाचला. "आता कोंडाच राहिला, बाई. तो बैलाले लागते."

पण त्यानंतर माणूस खरंच वळला. रोज स्टेशनपर्यंत चालू लागला. पोहे बंद, चिले बंद. तरी मंगळवारचे आकडे काही उतरेनात. उलट दोन मुठींच्या चार झाल्या. तीन महिने भरत आले होते. मला वाटलं, हा गृहस्थ कुठेतरी चोरून खातो. एका दुपारी मी न सांगता तपासणीला गेले.

बारा वाजता बायकोने वाढलं आणि डोमाजी जेवले. अर्धी वाटी भात, लाखोरीची डाळ, वाटीभर पालेभाजी. अगदी तक्त्याप्रमाणे. मी जरा खजील होऊन ओसरीवर बसले. पाऊण वाजता त्यांची बायको सायाबाई आतून आली.

"अवो, चला ना जेवाले! सकाळपासून काही पोटात नाही तुमच्या."

पाटावर ताट वाढलेलं होतं. भाताचा डोंगर, त्यावर तूप. डोमाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. हात धुतले, बसले आणि निमूट जेवले. "मस्त झाली भाजी," असंही म्हणाले.

सायाबाई भांडी घेऊन विहिरीवर गेली, तेव्हा मी विचारलं, "हे रोज?"

"रोजच नाही. हप्त्यातून चार-पाच दिवस." ते अंगणाकडे पाहत राहिले. "सांगतलो होतो एकदा, जेवन झालं म्हनून. तं लय रडली. मी अशी काऊन इसरते, म्हने. दोन दिवस चुलीजवळ नाही गेली. मंग मी म्हनलो, खाऊन टाकू."

"आणि सुई?"

"लागली तं लागली."

"तुम्हाला काही झालं, तर त्यांच्याकडे कोण बघेल?"

माझ्या तक्त्यात हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी पाऊण वाजता त्यांच्याकडे जाऊ लागले. ताट आलं की डोमाजी म्हणतात, "आज बाईले वाढ. उपाशी आल्या." आणि मी पाटावर बसते. त्या दोघांच्या मुलाला मी नागपूरला फोन केला आहे. पुढच्या आठवड्यात तो आईला डॉक्टरकडे नेणार आहे. डोमाजींची साखर थोडी उतरली, म्हणून त्यांना आणखी एक महिना मिळाला आहे. माझी साडी मात्र कमरेला अपुरी पडू लागली आहे, आणि त्यावर डोमाजी गल्लीभर बोलतात.

सायाबाई मला वाढताना दर वेळी भाताच्या ढिगावर आणखी एक डाव टाकते आणि समोर बसून कौतुकाने पाहते.

"इतक्या वर्साची शेजारीन, आन आज पहिल्यांदा जेवाले आल्या, बाई. लाजू नका."

"नाही लाजत," मी म्हणते, आणि दुसऱ्यांदा भात मागते.