खेकड्यांचा वाटा

येळवशीच्या दिवशी पहाटे चूल पेटली, पातेलं चढलं आणि तेव्हा कुठं दानम्मांच्या ध्यानात आलं, की भज्जीला शेंगाच नाहीत.

आता येळवस म्हणजे काही साधी अमावास्या नव्हे. त्या दिवशी सगळं रेणापूर शेतात असतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, घालायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे आणि बांधावरनं जाणाऱ्या माणसाला हाताला धरून जेवायला बसवायचं. जेवणात आंबिल, उंडे, बाजरीची भाकरी आणि सगळ्या दाण्यांची मिसळ भाजी, भज्जी. त्यातही भज्जी दानम्मांची. सासूनं मरताना चाव्यांच्या आधी भज्जीचा नियम हवाली केला होता: जे जे शेंगेत येतं, ते ते भज्जीत गेलं पाहिजे. तूर, वाटाणा, वाल, हरभऱ्याचे घाटे, आणखी जे घावेल ते. दानम्मा सून होऊन आल्या तेव्हा सासू भज्जीतला एकेक दाणा ओळखून खायला लावायची. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

यंदा भाद्रपदात पावसानं असा दंगा मांडला, की तूर उभ्या उभ्या पिवळी पडली आणि वाल वेलासकट ओढ्यानं नेला. सून दामिनी हळूच म्हणाली, की बाजारात बर्फातला वाटाणा मिळतो, पिशवीतला. दानम्मांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"त्यापरीस प्लास्टिकची फुलं टाक की. रंग बी जायचा न्हाई."

एवढं बोलून त्या मागच्या पडवीत लसूण आणायला गेल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. भिंतीला टेकून एक ओलं पोतं उभं होतं. त्याच्या तोंडातनं हिरव्यागार, हातभर लांबीच्या, टोकाला निमुळत्या शेंगा डोकावत होत्या.

पोतं नात अक्षराचं होतं. अक्षरा कोकणात, खाडीकाठच्या एका गावी, झाडं लावायच्या नोकरीला होती. एमेस्सी करून पोरगी चिखल तुडवायला गेली, असं दानम्मा चारचौघांत सांगायच्या आणि वर, पगार चांगला हाय, असंही जोडायच्या. संस्थेच्या कामासाठी ती आंध्रातल्या समुद्रकाठी गेली होती. तिथून कोकणात परतताना येळवशीपुरती घरी उतरली होती. पहाटे आली तेव्हा दानम्मा इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसलेल्या. पोरीनं उंबऱ्यातनंच सांगितलं, की पोत्यावर पाणी मारत राहा, कुणाला हात लावू देऊ नका, मी दोन तास पडते. दानम्मांनी मान हलवली. ती मान महादेवासाठी होती. पूजेत त्या माणसांचं ऐकत नसत, आणि पूजा नसतानाही फारसं ऐकत, असं नाही.

दानम्मांचे डोळे भरून आले. एवढ्या लांबून, रेल्वेत, बसमध्ये उभं राहून लेकरानं आज्जीच्या भज्जीसाठी शेवगा आणला. एक शेंग त्यांनी हातात घेतली. शेवग्याला शिरा असतात, हिला नव्हत्या. पण आंध्रातला शेवगा असंल, तिकडचं सगळं गुळगुळीतच असायचं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पोत्यात साठ शेंगा निघाल्या. तीस त्यांनी विळीवर घेतल्या, तीस दुसऱ्या दिवशीच्या आमटीला ठेवल्या.

पहिल्याच शेंगेला विळीचं पातं अडकलं. दानम्मा विळीवर सगळं वजन टाकून बसल्या तेव्हा कुठं तुकडे पडले. तुकडे पातेल्यात शिजेनात. तासाभरानं बघावं तर शेंग होती तशीच आणि पाणी मात्र कातासारखं लाल. दामिनीनं विचारलं, हे पाणी टाकून देऊ का.

"पानी फेकून देनारी बाई अजून लातुरात जन्माला यायची हाय," दानम्मा म्हणाल्या आणि एक पळी चाखली. जीभ टाळूला चिकटली ती सुटेना. मग त्यांनी गूळ टाकला. गुळानं गोड झालं म्हणून चिंच टाकली. चिंचेनं आंबट झालं म्हणून हरभऱ्याचं पीठ, पिठानं घट्ट झालं म्हणून ताक. घरच्या पातेल्यात मावेना तेव्हा लग्नातलं पातेलं माळ्यावरून उतरवलं, आणि ते भरलं तेव्हा मुलाला, उमाशंकरला, शिवारात निरोप द्यायला पिटाळलं: यंदा कुणी आपल्या कोपीत जेवायचं नाही, सगळ्यांनी आमच्याकडं यायचं.

शेतात जायला आता ट्रॅक्टर होता. दानम्मा ट्रॉलीत पातेल्याला मिठी मारून बसल्या आणि त्यांना बैलगाड्या आठवल्या. एकामागं एक तीस-चाळीस गाड्या निघायच्या, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा, गाडीत सासवा बसलेल्या आणि सुना डोईवर टोपली घेऊन मागनं चालणाऱ्या. पायाला ढेकळं टोचायची आणि वाटायचं, कधी एकदा सासू होऊन गाडीत बसते. आता सासू झाल्या तर गाडी राहिली नव्हती.

दुपारी कोपीसमोर पंगत बसली. शेजारच्या शेतातले माणिकप्पा, वय ऐंशी, दात चार. निवृत्त मास्तर हणमंतराव. त्यांच्या मागं निम्मा शिवार. दानम्मांनी ताटाताटात भज्जी वाढली आणि पंगतीत एकाएकी शांतता पसरली. पहिल्या घासालाच सगळ्यांच्या जिभा सुकल्या होत्या, पण बोलायचं कुणी? वीस वर्षांपूर्वी एका शेजारणीनं 'मीठ जरा कमी हाय' म्हटलं होतं, तर तिला पुढं तीन येळवशी आमंत्रण नव्हतं. उमाशंकर प्रत्येक घासावर तांब्याभर आंबिल पीत होता. माणिकप्पांनी बसल्याबरोबर जो तुकडा तोंडात टाकला होता, तोच ते अजून घोळवत होते.

"कशी झाली, मास्तर?" दानम्मांनी विचारलं.

हणमंतरावांनी बराच विचार केला. "वेगळी झाली," ते म्हणाले. दानम्मांनी त्यांना आणखी दोन पळ्या वाढल्या.

तेवढ्यात अक्षरा आली. झोप झाली होती, चेहरा फुललेला होता. तिला बघून पंगतीला जीव आला, कारण बोलणाऱ्याला खावं लागत नाही. जो तो तिला कामाचं विचारू लागला. ती सांगू लागली, की त्या गावात दर्या दरवर्षी थोडी जमीन खातोय, पूर्वी दहा वर्षांत एकदा यायचं तसलं वादळ आता दर वर्षी येतंय. सरकारनं सिमेंटची भिंत बांधली, ती तिसऱ्या पावसाळ्यात आडवी झाली. म्हणून आता खाडीच्या तोंडाशी कांदळाची, म्हणजे खारफुटीची, झाडं लावतात. त्यांची मुळं चिखलात अशी रोवतात, की लाट आली तरी तिचा जोर झाडांतच मुरतो आणि माती जागची हलत नाही.

"म्हंजी आपल्या वढ्याच्या शिंद्या की," माणिकप्पा म्हणाले.

सगळ्यांनी चटकन ताटात मान घातली. ओढ्याच्या काठानं पूर्वी शिंदीची झाडं होती, खाली निरगुडी आणि वाळा. दानम्मांची नवी नवरी म्हणून पहिली येळवस त्याच सावलीत झाली होती. पाय ओढ्यात सोडून त्या माहेरासाठी रडल्या होत्या आणि सासूनं बघून न बघितल्यासारखं केलं होतं. पुढं कारभार हाती आल्यावर दानम्मांनीच त्या शिंद्या तोडायला लावल्या, पेरणीची दोन तासं, म्हणजे दोन ओळी, जास्त निघतील म्हणून. दोन वर्षं दोन तासं जास्त निघाली. तिसऱ्या वर्षीच्या पुरात ओढ्यानं त्या दोन तासांबरोबर अख्खं एकर नेलं. ह्या गोष्टीला तीस वर्षं झाली होती आणि तीस वर्षं ती कुणी दानम्मांसमोर काढली नव्हती.

अक्षराला हे काही ठाऊक नव्हतं. ती आपली बोलतच होती. गावातली शेवटची घरं तर भरतीच्या पाण्यापासून वीस पावलांवर आलीत. त्यातल्या एका घरची विशाखाताई बायकांना घेऊन काम करते. तिला मी शब्द दिलाय, की साठ रोपं घेऊन येते. मोसम सरला होता, आंध्रात मोठ्या मिनतवारीनं उशिरा धरलेली एवढीच मिळाली. ही जात झाडावर असतानाच रुजते. दिसायला शेंगच, पण ते रोपच असतं. तसंच नेऊन चिखलात उभं टोचायचं.

दानम्मांच्या हातातली पळी थांबली.

"केवढी असती शेंग?" माणिकप्पांनी विचारलं. अक्षरानं हातानं लांबी दाखवली. माणिकप्पांनी तोंडातला तुकडा काढून तळहातावर घेतला आणि उन्हात धरला. "मघापासनं चघळायलोय," ते अगदी निर्मळपणे म्हणाले, "ही तर न्हवं?"

अक्षरानं तुकडा पाहिला. मग ताटं पाहिली. मग ते लग्नातलं पातेलं पाहिलं. तिचा चेहरा असा उतरला, की दामिनी पोटतिडकीनं पुढं झाली आणि माझंच चुकलं म्हणून सांगू लागली. त्या घरात चूक कुणाचीही असो, ती फिरून फिरून दामिनीच्याच पदरात पडायची.

"तू गप ऱ्हा," दानम्मा म्हणाल्या. त्यांनी पळी खाली ठेवली. "शिंद्या बी मीच तोडल्या, आन शेंगा बी मीच शिजवल्या."

असं वाक्य रेणापूरच्या शिवारात कुणी ऐकलं नव्हतं. हणमंतराव ताटावर जसेच्या तसे बसून राहिले. उमाशंकरला वाटलं, आपल्या अव्वाला ऊन लागलं.

अक्षरा ओरडली असती तर दानम्मांना बरं वाटलं असतं. ओरडण्याला ओरडून उत्तर देता येतं. ती नुसती कोपीमागं जाऊन बसली. थोड्या वेळानं तिनं फोन लावला, विशाखाताई एवढं म्हणाली आणि पुढं तिला बोलवेना. दानम्मांनी तिच्या हातातनं फोन घेतला.

"मी हिची आज्जी बोलते. तुमच्या निम्म्या शेंगा मी भज्जीत घातल्या. पोरीला बोलू नका, काय बोलायचं ते मला बोला."

मग विशाखाताईनं विचारलं, उरल्या किती. तीस, दानम्मा म्हणाल्या. आणि पलीकडनं हसू फुटलं ते थांबेना.

"अहो आजी, निम्म्या तर दर खेपेला खेकडेच खातात. यंदा खेकड्यांचा वाटा तुम्ही खाल्लात म्हणायचं."

सत्तर वर्षांत दानम्मांना कुणी खेकडा म्हटलं नव्हतं. पण शेताबरोबर घरचं किराणा दुकानही सांभाळण्यात आयुष्य गेलेली बाई. हिशेबातली खोट तिला आधी दिसली.

"मग आता ह्या तिसातल्या बी खातील की ते."

"खाणारच. त्यांना काय माहीत, तुमच्याकडे भज्जी झाली ते."

"राखण कोण करतंय?"

"खेकड्यांची राखण कोण करणार, आजी?"

दानम्मांनी पंगतीकडं पाहिलं. सगळा शिवार कान देऊन बसला होता. "मी करते," त्या म्हणाल्या. "साठ वर्सं पाखरांपासनं जोंधळा राखलाय. खेकडा काय उडून येतोय व्हय? तिसाच्या तीस जगवून दावते."

शब्द शिवारासमोर गेला होता, परत घेता येईना. ज्या बाईनं सोलापूरच्या पलीकडं पाऊल टाकलं नव्हतं, ती तिसऱ्या दिवशी लातूरच्या स्टँडवर बसमध्ये बसली. मांडीवर ओलं पोतं, आणि पोत्याला अक्षरानं हात लावला तरी तिला हटकत होती. निरोपाला आलेल्या माणिकप्पांनी खिडकीतनं विचारलं, की परत कधी. खेकडे संपले की, दानम्मा म्हणाल्या.

खाडीकाठी त्यांनी पहिल्या दिवशी दर्याला नावं ठेवली: एवढं पाणी, आन एक घोट कामाचा न्हाई. दुसऱ्या दिवशी खेकडा कुठनं येतो, कधी येतो आणि काय खातो, हे बघत त्या ओहोटीभर काठी घेऊन खुर्चीवर बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी बायकांना पोकळ बांबूच्या नळ्या कापायला लावल्या आणि एकेक शेंग चिखलात टोचून तिच्याभोवती एकेक नळी रोवली. विशाखाताई आधी हसली, मग स्वतः नळ्या कापायला बसली. संध्याकाळी पाणी हटलं की चिखलाला एक वास यायचा. दानम्मांना तो ओळखीचा वाटायचा. तिसऱ्या वर्षीच्या पुरानंतर गेलेल्या एकरावर उरलेला गाळ असाच वास मारत होता. ती गोष्ट त्यांनी विशाखाताईला आपणहून सांगितली, शिंद्यांपासून शेवटपर्यंत. घरी सांगायला तीस वर्षं लागली होती, इथं सहा दिवस लागले.

महिन्याभरानं उमाशंकरनं फोन केला. हातभर लांब शेंगांना दोन-दोन पानं फुटल्याचं अक्षरानं आधीच कळवलं होतं, पण अव्वाच्या तोंडून ऐकायचं होतं. किती जगल्या, त्यानं विचारलं.

"एकोणतीस," दानम्मा म्हणाल्या.

"आन एक?"

लाटांच्या गाजेत दानम्मा आधी खाकरल्या.

"खेकड्यानं न्हेली."

"बांबूच्या नळीतनं?"

"लई मोठा व्हता," दानम्मा म्हणाल्या आणि पोरांची, दुकानाची चौकशी न करताच फोन ठेवला.

उमाशंकरनं फोन खिशात घातला. मग आत वळून दामिनीला म्हणाला, "अव्वाचा पाय पडला बघ एकीवर."