निनावी लोकांचा डिजिटल बोर्ड

अक्काताई चौगुले रविवारी सकाळी बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, दर्शन घेऊन परतल्या, त्या पूजेचं ताट हातात तसंच धरून नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"अवो, तिट्ट्यावर तुमचा बोर्ड लागलाय."

आप्पासो दाढी करत होते. "कसला बोर्ड?"

"दारू सोडल्याचा."

आप्पासोंचा डावा गाल झाला होता, उजवा राहिला होता. तो तसाच ठेवून, खांद्यावर टॉवेल टाकून ते चपला शोधायला लागले.

दिवस अगदीच चुकीचा होता. दहा वाजता कबनूरहून रूपालीला बघायला पाहुणे येणार होते. रूपाली एकुलती एक, बी.कॉम. झालेली, बोलायला गोड. तरी आजवर दोन स्थळं उंबऱ्यावरून परत गेली होती, कारण गावातल्या कुणा हितचिंतकाने पाहुण्यांच्या कानात सांगितलं होतं की पोरीचा बाप पितो. सांगणाऱ्याने खोटं सांगितलं नव्हतं. शिरोली एमआयडीसीत स्वतःचं लेथचं वर्कशॉप असलेले आप्पासो अकरा वर्षं नेमाने पीत होते आणि ते कुणालाच माहीत नाही, अशी त्यांची समजूत होती. दुसरं स्थळ परत गेलं त्या दिवशी रूपाली रडली नाही. तिने बापाचं ताट वाढलं आणि स्वतः न जेवता आत गेली. आप्पासोंना ते फार लागलं. आठवड्याच्या आत ते गुरुवारच्या गटात जाऊन बसले.

गुरुवारचा गट म्हणजे दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या बारा माणसांची बैठक. ती संध्याकाळी शाळेत, चौथीच्या वर्गात भरायची. बाकं लहान असल्यामुळे सगळे गुडघे पोटाशी घेऊन आपापल्या आयुष्याची दशा सांगायचे. गटाचा पहिला नियम निनावीपणाचा. कोण येतं, काय बोलतं, ते बाहेर न्यायचं नाही. आप्पासोंच्या उचगावात हा नियम पाळणं सोपं नव्हतं. पहिल्याच गुरुवारी आप्पासोंना तिथे दोन गिऱ्हाइकं, एक चुलत मेहुणा आणि रूपालीला गणित शिकवलेले मास्तर भेटले. कुणीही कुणाला ओळख दाखवली नाही, आणि बैठक संपल्यावर सगळे एकमेकांच्या गाडीवर बसून घरी गेले.

शनिवारी आप्पासोंना एक वर्ष पुरं झालं होतं. त्यांनी ते फक्त गटात सांगितलं होतं.

तिट्ट्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, बोर्ड होता, दहा बाय आठचा. मधोमध आप्पासो, हात जोडलेले, मागे उगवता सूर्य. वर ठळक अक्षरांत: 'दारू सोडून एक वर्ष पूर्ण केल्याबद्दल आमचे मार्गदर्शक आप्पासो यांचे हार्दिक अभिनंदन!' खाली 'शुभेच्छुक' म्हणून गटातल्या अकरा जणांचे गोल फोटो, आणि त्याखाली तरुण मंडळाचं नाव.

बोर्डासमोर गणपती कांबळे आधीच उभे होते. गटातले सगळ्यात जुने तेच, आठ वर्षं कोरडे. शुभेच्छुकांच्या पहिल्या ओळीत त्यांचा फोटो होता. तो कुठल्यातरी लग्नातल्या फोटोतून कापून घेतलेला असल्यामुळे त्यांच्या खांद्यावर त्यांच्या बायकोचा हात तेवढा उरला होता. शेजारी हंबीरराव उभा होता. हंबीररावला दारू सोडून तीन महिने झाले होते आणि त्याचं डिजिटल बोर्ड, म्हणजे फ्लेक्स, छापायचं दुकान होतं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होईल याचा विचार गटाने आधी करायला हवा होता.

"लगा हंबीर," गणपती म्हणाले, "निनावी म्हंजे काय, ठावं हाय का तुला?"

"हाय की, दादा!" हंबीरराव दुखावला. "एकाचं तरी आडनाव टाकलंय काय? बघा, एक बी न्हाई."

"आणि हे मास्तर?"

"मास्तर फोटो नको म्हणत हुते. म्हणून डोळ्यांवर काळी पट्टी मारली की."

बोर्डावर दहा हसऱ्या चेहऱ्यांत मास्तर एकटेच पाकीटमारीत सापडल्यासारखे दिसत होते. तिट्ट्यावरून जाणारी शाळेची पोरं त्यांनाच आधी ओळखत होती.

"दहा वाजता पावणं याच रस्त्यानं येणार हाईत," आप्पासो म्हणाले. "उतरव बोर्ड."

पण बोर्ड लाकडी सांगाड्याला खिळ्यांनी ठोकलेला होता आणि तो उतरवणारा माणूस रविवारी गावी जायचा. शेवटी वर्कशॉपवरची ताडपत्री आणून बोर्डावर टाकायची असं ठरलं. गणपतींनी शिडी धरली, हंबीररावने दोरी धरली आणि आप्पासो वर चढून स्वतःच्या तोंडावर ताडपत्री ओढायला लागले.

नेमका तेव्हा तरुण मंडळाचा अध्यक्ष जोतीराम दूध आणायला निघाला होता. त्याला दिसलं ते एवढंच की भर दिवसा कुणीतरी मंडळाचा बोर्ड झाकतंय. कोल्हापूर भागात माणसाला चार शब्द बोलले तर तो एकवेळ ऐकून घेतो, पण त्याच्या बोर्डाला हात लागलेला चालत नाही. पाच मिनिटांत वीस पोरं जमली. दहाव्या मिनिटाला ती रस्त्यावर बसली होती.

"आप्पासोकाकांचा अपमान झालाय!" जोतीराम ओरडला. "माफी मागितल्याबिगर उठणार न्हाई!"

आप्पासो शिडीवरून खाली आले. "अरे, मीच आप्पासो हाय की."

"काका, तुम्ही गप्प बसा. तुमच्यावर दबाव हाय. आमाला कळतंय सगळं."

"माझ्यावर कुणाचा दबाव न्हाई!"

"बघा, बोलाय सुद्धा देईनात तुमाला," जोतीराम म्हणाला, आणि पोरांनी घोषणा दिल्या.

दोन्ही बाजूंनी गाड्या तुंबल्या. एक उसाची ट्रॉली, दोन रिक्षा, त्यांच्यामागे एक ट्रॅक्स जीप. ट्रॅक्समधून पांढरी टोपी घातलेले, पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ उतरले आणि नेमके आप्पासोंच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"काय भानगड हाय, पावणं?"

"काय न्हाई. बोर्डावरनं भांडाण."

वाऱ्याने ताडपत्रीचं एक टोक उडालं. गृहस्थांनी वर बघितलं. "ह्यो कोण म्हणायचा?"

आप्पासोंचं लक्ष ट्रॅक्सकडे गेलं. पुढच्या काचेवर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'मगदूम टेक्स्टाइल्स, कबनूर'.

"म्हाईत न्हाई," ते म्हणाले. "असंल कोण तरी."

गृहस्थांनी बोर्डाकडे बघितलं, आप्पासोंकडे बघितलं, परत बोर्डाकडे बघितलं. "बरं," म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. आपल्या उजव्या गालावरच्या साबणामुळे आपण ओळखू आलो नसणार, असं आप्पासोंनी स्वतःला दोनदा सांगितलं.

मग हवालदार आले. त्यांनी गाडी स्टँडवर लावली, ताडपत्री स्वतःच्या हाताने खेचून काढली आणि बोर्ड पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्याने वाचला. "चांगलं काम हाय की! ह्येला झाकतंय कोण?" असं विचारून त्यांनी पोरांना उठवलं. रस्ता मोकळा व्हायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात ट्रॅक्समधल्या माणसांचा बोर्ड पाठ झाला असणार.

आप्पासो मागच्या गल्लीने पळत घरी आले आणि त्यांनी उरलेला गाल उरकला. गणपती आणि हंबीरराव त्यांच्या मागोमाग आले. अशा दिवशी माणसाला एकटं सोडायचं नाही, हे गणपतींना आठ वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं.

"गणपा," आप्पासो स्वयंपाकघरात भिंतीला टेकून म्हणाले, "आज मला लागणार."

"उद्या पी," गणपती म्हणाले. "आज न्हाई."

आप्पासो वर्षभर असेच उद्या पिणार होते. त्यांनी मान हलवली.

"ऐका," अक्काताई उप्पीट ढवळत म्हणाल्या. "पावण्यांनी विचारलं तर सांगायचं, बोर्डावरचा आप्पासो आमच्या भावकीतला. चेहरापट्टी सारखी हाय. ध्यानात ठेवा."

"ठेवतो."

"भावकीतला."

"भावकीतला," आप्पासोंनी घोकलं.

पाहुणे आले. बाबगोंडा मगदूम, म्हणजे तेच पांढरी टोपीवाले, त्यांची पत्नी आणि मुलगा अनेकांत. मंडपवाल्याकडून आणलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या जागा पुरावी म्हणून गोल मांडल्या होत्या. सगळे बसले. रूपालीने उप्पीट आणलं. अनेकांतने बशी घेताना तिच्याकडे बघितलं, तिने त्याच्याकडे बघितलं आणि दोघेही एकदमच उप्पिटाकडे बघायला लागले. दारात उभ्या अक्काताईंना ते दिसलं. दोन स्थळांच्या वेळी असं काही झालं नव्हतं. त्यांचा जीव आणखीच टांगणीला लागला.

"हं," बाबगोंडा खाकरून म्हणाले, "तुमची वळख सांगा की."

सोयरिकीत या प्रश्नाला आडनाव, मूळ गाव आणि मामाचं कूळ असं उत्तर द्यायचं असतं. पण गोल मांडलेल्या खुर्च्या, सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आणि कुणीतरी शांतपणे ओळख विचारलेली, असं आप्पासोंनी वर्षभर दर गुरुवारी अनुभवलं होतं. ते उभे राहिले. भावकी त्यांच्या जिभेवर आलीही होती. पण समोर रिकामा ट्रे छातीशी धरून रूपाली उभी होती. आज दुसऱ्यांदा, तेही तिच्यादेखत, खोटं बोलायचं त्यांना जमेना.

"माझं नाव आप्पासो," ते म्हणाले. "मी दारुड्या हाय. काल एक वर्ष झालं."

गटात कुणी असं सांगितलं की बाकीच्यांनी एका सुरात नमस्कार म्हणायचा रिवाज असतो. तो विचार करून म्हणत नाहीत, शिंकेसारखा येतो.

"नमस्कार, आप्पासो!"

आवाज तीन होते. दोन स्वयंपाकघरातून आले. तिसरा समोरच्या खुर्चीतून आला.

बाबगोंडा बशीतलं उप्पीट चमच्याने सारखं करायला लागले. त्यांच्या पत्नी सावकाश त्यांच्याकडे वळल्या.

"तुम्ही का वो नमस्कार घातला?"

"असंच. रीत म्हणून."

"मंगळवारी सांजचं बस्तीत स्वाध्यायाला जाताय न्हवं?"

"जातोय की." बाबगोंडांनी टोपी काढली. "बस्तीच्या फुडं शाळा हाय, तिथं."

अनेकांत बापाकडे असा बघत होता की त्याला राग आलाय की बरं वाटलंय, ते त्याचं त्यालाच कळत नसावं. तेवढ्यात हात पुसत गणपती बाहेर आले. आपण या घरात कोण, पाहुण्यांसमोर का आलो, याचा कसलाही खुलासा न करता त्यांनी विचारलं, "किती झालं, पावणं?"

"सात महिनं, चार दिवस," बाबगोंडा म्हणाले. दिवस त्यांना मोजावे लागले नाहीत. मग ते आप्पासोंना म्हणाले, "बोर्ड वाचला तवाच वाटलं, ह्या माणसाला बोलावं. पर तुम्ही म्हणालासा, वळखत न्हाई."

"चुकलं," आप्पासो म्हणाले. "भ्यालो."

"मी बी रोज भितोय."

मुलाची आई पदराने डोळे पुसत होती आणि पुसता पुसता नवऱ्याकडे रागानेही बघत होती. शेवटी दारातून अक्काताई पुढे आल्या. पदर नीट केला आणि नवऱ्याशेजारच्या खुर्चीवर बसल्या. लग्नाच्या पंचवीस वर्षांत पाहुण्यांसमोर त्या खुर्चीवर बसल्या नव्हत्या.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "पोरगी आमची एकुलती हाय. आमच्या ह्यांचं वर्ष झालंय. तुमचं अजून कच्चं हाय. आमी इचार करून कळवतो."

बाबगोंडांनी आजवर तीन घरांच्या सोप्यात बसून हे वाक्य म्हटलं होतं, ऐकलं पहिल्यांदाच. त्यांनी मुकाट्याने हात जोडले.

"सावकाश कळवा. माझं वर्ष भरायला पाच महिनं हाईत. तवा परत आलो, तर चालंल काय?"

"या की. पर तवर एक बी दिवस चुकवायचा न्हाई."

"आई," ट्रेच्या आडून रूपाली म्हणाली, "पाच कशाला? तीन बास की."