कॅल्क्युलेटरावरील विटांच्या लढाईची हकीकत

गजाननाचे चरणी माथा ठेवून आणि गॅस बारीक करून लिहिण्यात येते ऐसे की, मुक्काम लखनौ, मानक नगर, रेल्वेचे क्वार्टर, येथील इंजिनियर राजश्री विश्वासराव साहेब यांची कन्या स्नेहा हिजला अमेरिकेहून आत्याबाईंनी आलेख काढणारा कॅल्क्युलेटर धाडिला, आणि कन्येने त्यात जुन्या हातातल्या गेमयंत्राचे सोंग आणणारा एमुलेटर घातला, आणि मग पडद्यावर वरून विटा पडू लागल्या व गणित देशोधडीस लागले.

हे कळताच विश्वासराव बहुत संतप्त जाहले, परंतु हॉस्टेलात आपणही हेच केले हे स्मरून आधी स्वतः तासभर खेळले, आणि नऊ हजार गुण करून मग फर्मान काढिले की, रविवारी कपाटावरील गजराच्या घड्याळात बारा वाजेतों हा आकडा कोणी मोडिला तर खेळ राहील, नपेक्षा पुसून टाकू. कन्या म्हणाली, "पापा, ये तो चीटिंग है यार!" अर्ज नामंजूर.

रविवारी कन्येने चार हल्ले केले, चारही बुडाले, आणि पावणेबारास सेल संपून पडदा कोरा पडला. तेव्हां साहेबांच्या मातुश्री लीलावतीबाईसाहेब, ज्यांनी थोरल्या साहेबांच्या नऊ बदल्यांत अवघा संसार एका ट्रंकेत ऐसा रचिला की चारबाग स्टेशनात हमालाने ती आपटली तरी आत चमचा वाजला नाही, त्या पलंगावरून उतरल्या. "आण इकडे. तुझ्या बापाचा पाळणा मी पाटा-वरवंट्यासकट त्या ट्रंकेत बसवलाय!"

मग रसदेची तजवीज जाहली. दोन बारीक सेल टीव्हीच्या रिमोटातून काढिले, दोन गजराच्या घड्याळातून, आणि घड्याळ बाराला दहा कमी असता जागीच गार पडले.

मग मातुश्रींनी कोपरे आधी भरिले, लांबडे उभे घातले, वाकडे वाकड्यात बसविले, आणि कोठे फट म्हणून राहू दिली नाही. कन्या ओरडे, "आजी, घुमाओ, घुमाओ!" "ट्रंक भरताना मध्ये बोलायचं नाही." आकडा नऊ हजार चाळीसवर गेला.

विश्वासराव धावत आले. "आई, बारा केव्हाच वाजले!"

"हुकूम तुझा, घड्याळ तुझं. बघ किती वाजलेत."

साहेबांनी घड्याळ कानास लाविले, आणि शस्त्र खाली ठेविले.

येणेप्रमाणे खेळास अभय मिळाले. सोमवारी गजर न होऊन साहेब दफ्तरी उशिरा पोहोचले, त्याचा जाब मातुश्रींस कोणी विचारू नये. मोहीम फत्ते. वार रविवार, वेळ बाराला दहा कमी. अद्यापि तीच आहे.