बिननावाची किल्ली

आमच्या इमारतीतील मेश्रामताईंना नुसता नमस्कार करून कोणी सुटला आहे, असे माझ्या पाहण्यात नाही. नमस्कार पुरा होण्याआधीच त्यांचा प्रश्न येतो, "की म्हणजे काय, सांगा बरं?" समोरच्याने किल्ली असे उत्तर दिले, की त्या मान हलवून म्हणतात, "हा एक झाला. पुढे?"

पुढचे बहुतेकांना ठाऊक नसते. ताईंना असते. इंग्रजीतील 'की' या एका नामाची निरनिराळी कामे त्या कित्येक वर्षे एका निळ्या वहीत जमा करीत आहेत. संगणकाचे बटण ही की. नकाशाच्या कोपऱ्यात खुणांचा अर्थ सांगणारी चौकट ही की. परीक्षेच्या उत्तरांचा कागद, गाणाऱ्याने धरलेला सूर, समुद्रातले बुटके बेट, सगळ्या कीच. एकदा ट्रामच्या थांब्यावर त्यांनी झाडाखाली पडलेले एक पंखवाले वाळके बी उचलून माझ्या तळहातावर ठेवले. "हीसुद्धा की, भाऊ. या झाडाच्या बीला इंग्रजीत तेच म्हणतात. कुलूप कुठंय, ते झाडालाच माहीत!" ते बी मी तीन दिवस खिशात बाळगले.

येथे माझा परिचय देणे क्रमप्राप्त आहे. मी अर्जलेखक. शिक्षण सातवीपर्यंतच झाले असले, तरी तहसील कचेरीबाहेर टेबल मांडून मी तालुक्याची गाऱ्हाणी कागदावर आणली आहेत. पत्नीस नेदरलँड्समध्ये संगणकाची नोकरी लागली, सबब 'अवलंबून असलेली व्यक्ती' या सदराखाली मी अ‍ॅमस्टेलव्हीन मुक्कामी आलो. येथेही मंडळींना नगरपालिकेकडे काही ना काही मागायचे असतेच. मसुदा मी मराठीत करतो, भाषांतर संगणक करतो. अर्जाचा कणा मात्र माझा असतो.

ताईही पूर्वी त्याच सदराखाली आल्या. नागपूरला त्या शाळेत इंग्रजी शिकवीत. इकडे त्यांच्या पदवीची कोणी विचारपूस केली नाही, तेव्हा त्या बाजारातील एका जोडे दुरुस्तीच्या दुकानात उभ्या राहिल्या. या देशात जोडे दुरुस्त करणाराच किल्ल्याही कापून देतो. आज किल्ल्या कापायच्या यंत्रावर ताईंसारखा हात गावात दुसरा नाही, हे मी जबाबदारीने लिहितो.

किल्ली कापण्यापूर्वी त्या गिऱ्हाइकाला दोन प्रश्न विचारतात. कोणत्या घराची? आणि कोणासाठी? मी एकदा हरकत घेतली, "ताई, दुसरा प्रश्न खासगी स्वरूपाचा आहे."

"काय जी भाऊ! लोक का चाबी करायला येतात? घरात माणूस वाढला, हे कुणाला तरी सांगायला येतात."

फेल्डहोवन गावाहून आलेल्या एका अभियंत्याने त्यांना संगणकातील गुप्त मजकूर उघडणाऱ्या कीविषयी सांगितले. वहीत नोंद करता करता ताईंनी विचारले, "दिसते कशी ती?"

"दिसत नाही, ताई."

"मग हरवली हे कसं कळतं?"

अभियंता किल्ली न घेताच निघाला होता. त्याला परत बोलवावे लागले.

येथील दारे आपली आपण लागतात. किल्ली आत राहिली की माणूस बाहेर. म्हणून जादा किल्ली शेजाऱ्याकडे ठेवण्याचा येथे रिवाज आहे आणि आमच्या इमारतीपुरता शेजारी म्हणजे मेश्रामताई. त्यांच्या भिंतीवरील फळीला अकरा घरांच्या किल्ल्या टांगलेल्या असत. प्रत्येकीस चिठ्ठी. 'पहिला मजला, मांजर पळते.' 'तिसरा मजला, आजींना कमी ऐकू येतं, ओरडा.' माझ्या किल्लीवर 'भाऊ, आमटी शेगडीवर' असे लिहिले होते. तो प्रसंग एकदाच घडला होता. सदर चिठ्ठी बदलावी, असा लेखी अर्ज मी दिला. तो आजतागायत प्रलंबित आहे.

बाराव्या खिळ्यावर एक किल्ली बिनचिठ्ठीची होती. मी विचारले, तेव्हा ताई म्हणाल्या, "ती मेश्रामसाहेबांची." साहेबांना जाऊन तीन वर्षे झाली होती.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आमच्या सामाईक भिंतीवर ठकठक ऐकू आली. मी ताईंच्या दाराशी गेलो. आतून आवाज आला, "भाऊ, दिवा बदलताना स्टुलावरून पडले. उठता येईना." मी किल्लीचा विचार करू लागलो आणि तेव्हा ध्यानात आले, की साऱ्या इमारतीच्या किल्ल्या आत आहेत आणि त्या घराची एकही बाहेर नाही. अग्निशामक दलाने कुलूप फोडले. उचलून नेताना ताई एवढेच म्हणाल्या, "कुलूप चांगलं होतं हो."

तीन आठवड्यांनी त्या पायाला प्लास्टर, काखेत कुबडी अशा माझ्याकडे आल्या. "अर्ज लिहायचा आहे."

मी कागद घेतला. "विषय?"

"एक किल्ली जवळ ठेवून घेणेबाबत."

"कारण सांगावे लागेल, ताई. कारणाशिवाय अर्ज फेटाळला जातो."

त्यांनी कुबडी टेबलाला टेकवली. "लिहा. मी एकटी राहते. सगळ्यांना विचारते, कोणासाठी म्हणून. मला कुणी विचारलं, तर सांगायला नाव नाही. सकाळी दहापर्यंत माझा पडदा सरकला नाही, तर कुणीतरी दार उघडून यावं."

अर्जदाराचे शब्द सुधारून घेणे हा माझा धंदा आहे. त्या दिवशी मी एकही शब्द बदलला नाही.

"प्रति कोण? नगरपालिका की घरमालक?"

ताईंनी पिशवीतून नव्या कुलपाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. तिला चिठ्ठी होती. तीवर माझे पूर्ण नाव होते, आमटीचा उल्लेख नव्हता.

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या वतीने दुसऱ्यांकडे अर्ज केले. माझ्या नावे अर्ज येण्याची ती पहिलीच वेळ. मी खाली 'मंजूर' असे लिहिले, सही केली, तारीख घातली. ताईंनी चष्मा लावून ते तपासले.

"हा एक झाला," मी म्हणालो. "पुढे?"

"पुढे चहा टाका," त्या म्हणाल्या, आणि तोंड वळवून पदराने चष्मा पुसत बसल्या.

आता रोज सकाळी दहाला पाच मिनिटे असताना मी बाहेरच्या सज्जात जाऊन त्यांचा पडदा पाहतो. तो सरकलेला असतो. ताई आतून काचेवर दोनदा टकटक करतात. पोच मिळाली, असे समजून मी परत फिरतो.